चेहऱ्याची साक्ष

महाडला पूर नवा नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून खाली उतरते, महाडच्या परिसरात तिला गांधारी आणि काळ या नद्या येऊन मिळतात, आणि बाणकोटच्या खाडीतून वर चढणारी भरती या सगळ्या पाण्याची वाट अडवून धरते. डोंगरात अतिवृष्टी आणि समुद्राला भरती असा योग जुळून आला की बाजारपेठेत पाणी शिरते. येथील माणसाला त्याची सवय आहे. पाणी वाढू लागल्याची वर्दी मिळताच तांदळाची पोती, गॅसची टाकी, जमिनीचे कागद, दुकानातला माल माळ्यावर चढतो. भिंतीवरच्या तसबिरी मात्र भिंतीवरच राहतात. त्या खाली काढाव्यात हे घाईत कोणाला सुचत नाही. कारण त्या वस्तू आहेत असे कोणी मानीतच नाही. ती घरातली माणसे असतात.

२००५ सालच्या जुलैअखेरीस या तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुन्हा पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले, आणि शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडींनी घरे गिळली. एवढ्या मोठ्या दुःखासमोर भिजलेल्या फोटोंची गोष्ट काढणे कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु मदतीचे सामान घेऊन त्या भागात फिरताना आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. चिखल उपसून झाला, भांडी धुऊन झाली, की घरातली बाई अंगणात एक चादर अंथरीत असे आणि तिच्यावर एकेक फोटो ओळीने मांडीत असे. धान्याच्या आधी नव्हे, पण गादीच्या आधी.

अशाच एका घरात आमच्यापुढे एक प्रश्न येऊन उभा राहिला. गेली काही वर्षे तो आमची पाठ सोडीत नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घर महाडमधील, माणसे मूळची पोलादपूरकडच्या एका वाडीतली. वडील मुंबईत गिरणीत होते, ते आता नाहीत. मुलगा महाडला स्थिरावलेला, आणि त्याच्याजवळ राहणारी त्याची आई, पंचाहत्तरीच्या घरातली. या माउलीची थोरली मुलगी नवव्या वर्षी तापाने गेली. मुलगा त्यानंतर जन्मलेला. त्याने बहिणीला पाहिलेले नाही. तिचा एकच फोटो होता, तोही एकटीचा नव्हे. शाळेच्या पायरीवर बसलेली तीस-चाळीस मुले आणि मध्ये गुरुजी, असा तो गटाचा फोटो. त्यात मुलीचा चेहरा वाटाण्याएवढा. चौकटीत पाणी शिरून फोटो काचेला चिकटला होता आणि नेमकी ती बसली होती त्या कोपऱ्यात गाळाची एक जीभ आत सरकली होती.

आमच्याबरोबरच्या एका तरुणाला या कामाची थोडी माहिती होती. त्याने फोटो काचेपासून सोडवू दिला नाही, काचेसकटच त्याची प्रत काढून घेतली. पुढे काही महिन्यांनी आम्ही त्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर नवी चौकट होती. मुलाने ती प्रत मोबाइलवरच्या एका सोयीत घातली होती आणि वाटाण्याएवढ्या डागातून एक टवटवीत चेहरा बाहेर आला होता. टपोरे डोळे, नीट भांग, ओठांवर हसू. मुलगा म्हणाला, "फादर, इतक्या वर्षांनी ताई दिसली." आम्ही आजीकडे पाहिले. ती बराच वेळ चौकटीकडे बघत होती. मग अगदी साध्या स्वरात तिने विचारले, "पोरगी छान आहे हो फादर. कुणाची?"

त्या प्रश्नावर घरात कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. मुलाने काही वाईट केले होते काय? त्याने प्रेमापोटी केले होते. आजीने त्याचा अपमान केला होता काय? तिने जे दिसले तेच सांगितले होते. दोघेही प्रामाणिक, आणि तरी त्या भिंतीवर काहीतरी खोटे लटकत होते. ते खोटे नेमके कोठे होते?

याचे उत्तर शोधायचे तर प्रथम फोटो म्हणजे काय, हे पाहावे लागेल. चित्रकार आपल्या मनातून चित्र काढतो. फोटो मनातून निघत नाही. त्या दिवशी त्या पायरीवर ऊन पडले, ते त्या मुलीच्या गालावरून परतले, भिंगातून आत गेले आणि चांदीच्या क्षारांवर उमटले. निगेटिव्हवरून कागदावर उतरलेले काळेपांढरे चित्र म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे कण. मुलगी तेथे होती म्हणून ते कण तसे बसले. फोटो अस्पष्ट असेल, वाकडा असेल, पण तो साक्षीदार आहे. त्याने पाहिले आहे.

हा साक्षीदार नाजूक असतो. जिलेटिन पाण्यात फुगते, मऊ पडते. वाळताना ज्याला टेकलेले असेल त्याला धरून बसते, मग ती काच असो वा अल्बममधला शेजारचा फोटो. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून भिजलेले फोटो उन्हात टाकून कडकडीत वाळवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात हलके बुडवून गाळ जाऊ द्यावा, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, सावलीत चित्र वर करून सुटे वाळवावेत. एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नयेत. पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्यावेत. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या फोटोला बुरशी धरीत नाही आणि सवडीने काम करता येते. काचेला चिकटून वाळलेला फोटो मात्र सोडवू नये, काचेतूनच त्याची प्रत घ्यावी.

प्रत घेणे, म्हणजे आजच्या भाषेत स्कॅन करणे, हे त्या साक्षीदाराचा जबाब उतरवून घेणे होय. जबाब उतरविणाऱ्या कारकुनाचा पहिला धर्म म्हणजे आपल्या पदरचे काही घालू नये. स्कॅनरमध्ये 'आपोआप सुधारणा' अशी जी सोय असते ती प्रथम बंद करावी. काच पुसावी, फोटोवरची धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. साध्या फोटोला इंचाला ६०० ठिपके ही घनता पुरेशी होते. पासपोर्ट आकाराचा छोटा फोटो असेल तर १२००. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो ६०० च्या घनतेने घेतला तर सुमारे ६३ लाख ठिपके मिळतात आणि फाइल १९ मेगाबाइटच्या आसपास होते. ती टिफ पद्धतीने जतन करावी. जेपेग ही पद्धत जागा वाचविण्यासाठी थोडी माहिती टाकून देते आणि प्रत्येक वेळी दुरुस्त करून पुन्हा जतन करताना आणखी टाकते. फोटोची पाठही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणीतरी शाईने लिहिलेले नाव तेथेच असते.

येथे एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. घनता कितीही वाढविली तरी कागदावर जे नाही ते यंत्र वाचू शकत नाही. वाटाण्याएवढा, म्हणजे सहा मिलिमीटरचा चेहरा ६०० च्या घनतेने सुमारे १४० ठिपक्यांच्या रुंदीत मावतो. घनता दुप्पट केली तर ठिपके दुप्पट होतील, पण भिंगाने आणि कागदाने टिपलेला तपशील तेवढाच राहील. वाढेल ती फक्त कागदाची खर. त्या मुलीच्या पापण्या त्या कागदावर कधी नव्हत्याच. मग भिंतीवरच्या चौकटीत त्या कोठून आल्या?

आता आपण 'सुधारणा' या शब्दाकडे येतो. एकाच शब्दाखाली तीन वेगळी कृत्ये लपलेली आहेत असे आम्हाला वाटते, आणि सगळा घोटाळा त्यांची सरमिसळ झाल्याने होतो.

पहिले कृत्य पुसण्याचे. फोटोवर जे नंतर येऊन पडले ते काढणे: गाळाचा डाग, बुरशीची नक्षी, धुळीचे कण, ओरखडा. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोच्या गडद भागावर चांदी वर येऊन निळसर चकाकी धरते, स्कॅनरच्या दिव्यात ती धुक्यासारखी दिसते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खरखरीत, रेशमी पोताच्या कागदावर फोटो छापण्याची पद्धत होती. स्कॅन केल्यावर त्या पोताची जाळी चेहऱ्यावर पसरते. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करावा व दोन्ही प्रती एकावर एक जुळवाव्यात, म्हणजे ती जाळी पुष्कळ कमी होते. यात साक्षीदाराच्या तोंडावरची धूळ पुसण्यापलीकडे काही नाही.

दुसरे कृत्य उजळण्याचे. जे आहे पण फिके पडले आहे, त्याला पूर्वीची जागा देणे. त्या काळातल्या अनेक रंगीत फोटोंतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळे लग्न तांबूस दिसू लागते. रंगांचा तोल सावरला की नवरीचा हिरवा चुडा पुन्हा हिरवा होतो. येथे अंदाज असतो, परंतु त्या अंदाजाला कागदावर आधार असतो. जबाब पुटपुटत दिलेला आहे, आपण तो जरा मोठ्याने वाचतो.

तिसरे कृत्य भरण्याचे. जेथे काहीच उरले नाही, किंवा कधी नव्हतेच, तेथे नवे घालणे. हे काम पूर्वी अवघड होते, आता एका बोटावर आले आहे. हे यंत्र काय करते ते समजून घेतले पाहिजे. त्याला हजारो चेहरे दाखवून शिकविलेले असते. चेहरे दुरुस्त करणाऱ्या अनेक प्रणाली ज्यावर शिकल्या असा एक संग्रह एनव्हिडिया या कंपनीने २०१९ साली खुला केला. त्यात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेली ७० हजार छायाचित्रे आहेत. अस्पष्ट डाग पुढे आला की यंत्र त्या शिकवणीतून, या डागाशी जुळेल असा चेहरा रचते. ते त्या मुलीला शोधीत नाही. तिच्यासारखे कोणीतरी बनविते. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 'पल्स' नावाची अशी एक प्रणाली प्रसिद्ध केली. कोणीतरी तिच्यात माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो घातला, आणि तिने त्यातून एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा काढून दिला. सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या माणसाची ही गत, तर पोलादपूरच्या वाडीतल्या मुलीची काय कथा? ओबामांची चूक जगाला कळली, कारण खरा चेहरा जगाला माहीत होता. या मुलीचा खरा चेहरा माहीत असलेले जगात एकच माणूस उरले होते, आणि त्याने विचारले, "कुणाची?"

महाड तालुका हा लष्करात माणसे पाठविणारा मुलूख आहे; फौजी आंबवडे हे गाव तर नावातच ती ओळख मिरवते. अशा घरांतून आजोबा-पणजोबांचे गणवेशातले फोटो असतात. यंत्राने उजळलेला असा एखादा फोटो भिंगाखाली धरून पाहावा. छातीवरच्या फिती गुळगुळीत पट्टे झालेल्या आढळतात, टोपीवरच्या पलटणीच्या चिन्हाचे कसलेसे फूल झालेले असते. ज्या तपशिलावरून नातवाला आजोबा कोणत्या पलटणीत होते हे शोधता आले असते, तोच तपशील सुंदर करण्याच्या भरात नाहीसा होतो. अस्पष्ट फोटो 'मला माहीत नाही' असे सांगत होता. सुधारलेला फोटो खोटे उत्तर देतो, आणि तेही ठामपणे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. फोटोत भर घालणे काल सुरू झाले काय? एकोणिसाव्या शतकापासून आपल्या देशात स्टुडिओतले कलावंत फोटोंवर रंग चढवीत आले. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या पुसल्या जात. कोणी वारले आणि एकट्याचा फोटो नसला की गटातल्या फोटोतून चेहरा घेऊन, त्याला कोट-टोपी चढवून मोठी तसबीर करून देणारे कारागीर होते. कोकणातल्या कितीतरी घरांत मुंबईहून करून आणलेल्या अशा तसबिरी आहेत आणि त्यांच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या निरांजन लागले आहे. त्या सगळ्या खोट्या काय?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. फरक आहे असे आम्हाला वाटते, आणि तो हत्यारात नाही. तो कारागीर विचारीत असे. टोपी कोणती घालीत? रंग गोरा की सावळा? मिशी होती का? घरची मंडळी समोर बसून सांगत, नाक पटले नाही तर परत करीत. जे कागदावर नव्हते ते आठवणीतून येत होते, म्हणजे तेथेही एक साक्षीदार होताच. शिवाय रंगविलेली तसबीर रंगविलेली दिसे. तिने आपण फोटो असल्याचा आव आणला नाही. आजचे यंत्र कोणाला विचारीत नाही, आणि आपण केलेली भर ते मूळ फोटोच्याच पोतात विणून देते.

दुसरा आक्षेप सांत्वनाचा. त्या मुलाला बहीण दिसली. त्याचे समाधान का हिरावून घ्यावे? फेब्रुवारी २०२१ मध्ये मायहेरिटेज या कंपनीने जुन्या फोटोतले चेहरे हलताना, पापण्या मिटताना, मंद हसताना दाखविणारी सोय आणली तेव्हा जगभर लोकांनी आपले आईवडील तिच्यात घातले आणि रडले. ते रडणे खरे होते. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला संत ऑगस्टीन यांचे असत्यावरचे दोन ग्रंथ अभ्यासावे लागले. चांगल्या हेतूने बोललेल्या असत्यालाही त्यांनी परवानगी दिली नाही. तरुणपणी आम्हाला ते फार कठोर वाटे. मरणाच्या दारातल्या माणसाला, शोकात बुडालेल्या आईला, थोडे गोड असत्य का सांगू नये? पुढच्या नीतिशास्त्रज्ञांनी हेतू, परिस्थिती आणि ऐकणाऱ्याचा सत्यावरील अधिकार यांचाही विचार केला, तो आम्हाला अधिक माणुसकीचा वाटला.

पण येथे सत्यावर अधिकार कोणाचा? मुलाला ठाऊक आहे की हा चेहरा यंत्राने केला. त्याची फसवणूक होत नाही. आजीची तर झालीच नाही. ज्याची फसवणूक होणार आहे तो अजून जन्मलेला नाही. आणखी चाळीस वर्षांनी त्या घरातली कोणी पोर ती चौकट उतरवील, 'ही माझ्या आजोबांची बहीण' म्हणून आपल्या मुलांना दाखवील. तोवर आजी नसेल, मुलगाही नसेल, आणि काचेला चिकटलेला मूळ फोटो अडगळ म्हणून टाकून दिला गेला असेल. त्या दिवशी ती नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्यांदा मरेल, आणि तिच्या जागी कोणीच नसलेली एक मुलगी घरातली म्हणून वावरू लागेल.

प्रतिमांविषयी ख्रिस्तसभेला एकेकाळी मोठा वाद मिटवावा लागला. इसवी सन ७८७ मध्ये निसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ठरविले की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत अडकत नाही. ज्याची ती प्रतिमा त्याच्यापर्यंत तो पोहोचतो. आपल्याकडे तसबिरीला हार घालणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला हे न शिकविता कळते. मग जी प्रतिमा कोणाचीच नाही, तिला घातलेला हार कोठे पोहोचतो?

त्या घरातले खोटे कोठे होते, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे सापडले. ते चित्रात नव्हते. चित्र काढणे पाप नाही, कल्पना करणे पाप नाही. ते खोटे चौकटीखालच्या कोऱ्या जागेत होते. तेथे 'हे यंत्राने कल्पिलेले चित्र आहे' असे लिहिलेले नव्हते. खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा केवळ जिभेला नाही, नोंदीलाही लागू आहे.

नोव्हेंबर १९६६ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा मोठा पूर आला. सांता क्रोचे येथील, तेराव्या शतकातील चिमाबुए या चित्रकाराचा भव्य क्रूस पाण्यात बुडाला आणि त्यावरचा अर्ध्याहून अधिक रंग वाहून गेला. तज्ज्ञांना जुन्या छायाचित्रांवरून प्रभूचा चेहरा पुन्हा रंगविता आला असता. त्यांनी तसे केले नाही. जे उरले ते स्वच्छ केले, आणि जे गेले त्या जागी आजूबाजूच्या रंगांच्या बारीक रेघा भरल्या. दुरून पाहणाऱ्याची नजर त्या जागी अडखळत नाही. जवळ जाणाऱ्याला मात्र स्पष्ट कळते की येथे काही होते आणि ते पुराने नेले. १९७६ साली तो क्रूस परत मंदिरात आला, जखमांसकट. जेथे जगातले उत्तम कारागीर ख्रिस्ताचा चेहरा अंदाजाने भरीत नाहीत, तेथे आम्हाला आपल्या माणसांच्या बाबतीत थोडा संयम पाळता येऊ नये काय?

जपानमध्ये मार्च २०११ च्या सुनामीनंतर यामामोतो नावाच्या गावी स्वयंसेवकांनी चिखलातून गोळा केलेले सुमारे साडेसात लाख फोटो धुतले, त्यांच्या प्रती काढल्या आणि ओळख पटवून ते घरोघर परत करण्याची खटपट केली. कोणाचे चेहरे नव्याने घडविणे हे त्यांचे काम नव्हते. ज्याचा तो डाग त्याच्या हाती देणे, एवढेच त्यांनी पुरेसे मानले.

आणि एवढ्या दूर कशाला जावे? महाडचे नाव देशाच्या इतिहासात ज्या तळ्याने कोरले, त्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, म्हणजे मार्च १९२७ नंतर, दहा वर्षे न्यायालयात वाद चालला. स्पृश्यांचा दावा होता की अस्पृश्यांना बंदीची चाल अनादि काळापासून आहे. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला, कारण तशी अनादि चाल पुराव्याने सिद्ध झाली नाही. 'पूर्वीपासून असेच होते' असे ठासून म्हणणे निराळे आणि पुरावा निराळा, हे ज्या गावात एका समाजाच्या पाण्याच्या हक्कासाठी सिद्ध करावे लागले, त्या गावाला साक्षीची किंमत आम्ही काय सांगावी?

तेव्हा व्यवहारात काय करावे? आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिला स्कॅन जसा आला तसा, डागासकट, 'मूळ' असे नाव देऊन ठेवावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. पुसणे-उजळणे त्याच्या प्रतीवर करावे आणि तिला 'स्वच्छ प्रत' म्हणावे. यंत्राकडून चेहरा भरून घ्यायचाच असेल तर त्या चित्राच्या खालच्या पट्टीवर, चित्राचाच भाग म्हणून, 'यंत्राने भरलेले' असे शब्द छापावेत. फाइलच्या नावात किंवा आतल्या माहितीत लिहून भागत नाही, कारण फोटो मोबाइलवरून पुढे पाठविला की ते नाव आणि ती माहिती बहुधा गळून पडते. मूळ फोटो प्रत निघाली म्हणून टाकून देऊ नये. डिजिटल प्रती तीन असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असावी. दोन्ही प्रती महाडातच ठेवल्या तर पुराला दोन्ही सारख्याच.

आणि या सर्वांच्या आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. फोटोचा दर्जा ठिपक्यांत मोजण्याची आम्हाला सवय झाली आहे. पण ज्या स्वच्छ फोटोतल्या एकाही माणसाचे नाव कोणाला सांगता येत नाही, त्याचा दर्जा काय? आणि अर्ध्या धुऊन गेलेल्या फोटोच्या पाठीवर तीस नावे ओळीने लिहिलेली असतील, तर त्याला निकृष्ट कोण म्हणेल?

त्या दिवशी आम्ही आजीजवळ बसलो. मुलाने काचेला चिकटलेला तो जुना फोटो कपाटातून आणला. सुदैवाने त्याने तो टाकला नव्हता. आम्ही विचारले, "आजी, यात पोर कशी दिसते?" तिने चष्मा वर केला, फोटो डोळ्यांशी नेला आणि बोट ठेवले. म्हणाली, "डोळे मिटलेत बघा. तिला ऊन सोसत नव्हतं. तोंडावर ऊन आलं की अशीच डोळे बारीक करायची." मग कितीतरी वेळ ती बोलत राहिली. पुढचा एक दात पडलेला होता म्हणून मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती. फ्रॉक मावशीने मुंबईहून पाठविलेला होता. शेजारी बसलेली मैत्रीण पुढे कोठे दिली, तेही तिला आठवत होते. मुलगा ऐकत होता. यातले पुष्कळसे त्याने पूर्वी कधी ऐकले नव्हते, कारण त्याने कधी विचारले नव्हते आणि आईने आपण होऊन कधी काढले नव्हते.

यंत्राने डोळे टपोरे केले होते आणि ओठांवर हसू आणले होते. त्या डागात मात्र डोळे मिटलेलेच होते, ओठ घट्टच होते. अस्पष्ट होता तो, पण खरे तेच सांगत होता. ते ओळखायला फक्त आईची नजर हवी होती.

मुलाने तिचे बोलणे वहीत उतरवून घेतले. यंत्राचे चित्र त्याने फेकून दिले नाही, आम्हीही तसे सांगितले नाही. ते त्याच्या खोलीत आहे आणि त्याखाली ते कशाचे आहे हे लिहिलेले आहे. बाहेरच्या भिंतीवर आता तो गटाचा फोटो मोठा करून लावला आहे, काचेच्या डागासकट. गाळाची जीभ पुसली आहे, पण तिच्याखाली जो कोपरा गेला तो भरलेला नाही. खाली मुलीचे नाव, शाळेचे नाव, आणि एक ओळ: ऊन लागत होते म्हणून डोळे मिटले आहेत.

मागच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा आजी त्या चौकटीला हार घालीत होती. कुणाची, हे तिने विचारले नाही.